तुझ्या हातचं लिहून दे

यवतमाळ, दवाखान्यातून
११ जुलै २०२४

प्रिय संगीता,
जय सेवालाल.

फोन सोडून पत्र लिहायला बसले म्हणून हसू नको. आजारपणानंतर फोनवरचं बोलणं तुझ्याजवळ टिकत नाही, कागदावरचं टिकतं, हे तूच सांगून ठेवलं आहेस. आणि आज मला कागदच पाहिजे आहे. का ते पुढे लिहिते.

वैष्णवीला इथे भरती करून नऊ दिवस झाले. मार्चपर्यंत माझी पोरगी कॉलेजच्या ग्राउंडवर रोज आठशे मीटर पळत होती. पोलीस भरतीशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एप्रिलमध्ये पळणं सुटलं, मेमध्ये आंघोळ सुटली, आता जेवण सुटलं आहे. कारण विचारशील तर एकही सापडत नाही. कोणाशी भांडण नाही, कुठला मुलगा नाही. भिंतीकडे तोंड करून पडते आणि म्हणते, "मी आतून सडली. मले कायले खाऊ घालता?" कळंबची शेजारीण म्हणे, चिंतामणीला नारळ बोल. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी नारळ चटणीपुरताच फुटतो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो आणि हिच्याजवळ तेवढा वेळ नाही, करंटचा इलाज करू. भूल देऊन डोक्याला करंट, आठवड्यातून दोन-तीनदा, सहा-आठ वेळा. हिचा बाप अश्वजित तयार आहे. मला म्हणतो, "डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते का?" नाही समजत. पण वैष्णवीनं कागदावर तिच्या वतीनं ठरवायला माझं नाव दिलं आहे, सही मला करायची आहे, आणि माझा हात उठत नाही.

मागच्या वर्षी तू याच वॉर्डातून बरी होऊन गेलीस. तुझी अवस्था हिच्यापेक्षा वाईट होती. मी भेटायला आले तेव्हा तू मला ओळखलं नव्हतंस. तुझं काय केलं ते डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही. म्हणून तुलाच विचारते. तुला करंट दिला होता का? दिला नसेल तर कशानं बरी झालीस? मी तोंडी सांगितलं तर अश्वजित म्हणेल, तूच मनचं सांगून राह्यली. तुझ्या हातचं लिहून दे. तू मास्तरीण, तुझ्या शब्दाला त्याच्याजवळ किंमत आहे.

जीवनभाऊंची गाडी आज इथून घाटंजीला जाते, त्यांच्याजवळ हे पाकीट देते. उत्तरही उद्या त्यांच्याच हाती पाठव.

तुझी
दीपा


घाटंजी
१२ जुलै २०२४

प्रिय दीपा,
जय भीम.

जीवनभियानं काल कंडक्टरची बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधी तुझं पत्र हातात दिलं. (भिया म्हणजे भाऊ, हे तुला हॉस्टेलमध्ये शंभरदा सांगून झालं आहे, तरी लिहिते. माझ्यापेक्षा तूच जास्त विसरभोळी.)

पहिलं उत्तर पहिलं. नाही. मला करंट दिला नाही.

माझ्या आठवणीच्या भरवशावर हे लिहीत नाही, कारण ते दोन महिने माझ्या डोक्यातून कोणी फडा मारून झाडल्यासारखे गेले आहेत. डॉक्टरीणबाई काय बोलल्या, कोण भेटायला आलं, काही नाही. म्हणून काल भियाला समोर बसवलं. नवरा गेल्यापासून माझं सगळं तोच पाहतो, दवाखान्याची फाइलही त्याच्याच कपाटात असते. विचारलं, "भिया, खरं सांग. मले शॉक देल्ता का?" तो म्हणाला, "नाही. गोळ्या अन् सलाईन." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणाला. तुझं पत्रही त्याला वाचून दाखवलं, म्हणजे मी कशासाठी विचारते ते त्याला कळावं.

मी एवढी खोदून का विचारते हे तुला सांगायला नको. माझी आत्या लालीबाई. मी आठ वर्षांची होते. त्या काळी तिला कुठल्याशा दवाखान्यात नेलं होतं, भूलबिल काही नाही, चार माणसांनी खाटेवर दाबून धरलं आणि तसेच शॉक दिले. घरी आली तेव्हा समोरचे दोन दात नव्हते. मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. मरेपर्यंत तिनं घरातल्या दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मागच्या वर्षी मला आपलं काही खरं नाही असं वाटायला लागलं, तेव्हा डोकं ताळ्यावर असतानाच मी भियाला याडीची, म्हणजे आमच्या आईची, आण घ्यायला लावली. म्हटलं, माझं काहीही होवो, शॉक देऊ द्यायचा नाही. त्यानं आण पाळली. असा भाऊ नशिबानं मिळतो, दीपा.

बरी कशानं झाले ते सांगते. आमच्या बंजाऱ्यांत बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात, तुला माहीत आहे. याडी हॉस्टेलवर यायची तेव्हा कोण मेलं म्हणून तुम्ही सगळ्या पोरी धावत यायच्या. मागच्या वर्षी याडी तांड्यावरून आली आणि मी उठले नाही, रडले नाही. तिनं तिथंच कपाळाला हात लावला. मग दवाखान्यात एका सकाळी ती आली आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले, सगळ्यांची नावं घेऊन, सुरात. माझी आठवण तिथूनच पुढे सुरू होते. आमच्या तांड्यावर म्हणतातच, न रडणारी बाई आजारी, रडली की सुटली.

वैष्णवीला रडू येऊ दे. रविवारी मी येतेच. आणि तू सही करू नको. हे मी, संगीता राठोड, शिक्षिका, माझ्या हातानं लिहून देते. दाखव अश्वजितभाऊंना.

तुझी
संगीता


कळंब
१९ जुलै २०२४

प्रिय संगीता,

आम्ही घरी आहोत.

तुझं पत्र अश्वजितनं दोनदा वाचलं, घडी घालून मला परत दिलं. म्हणाला, "लिहून देते म्हणजे खरंच असन." त्यानंतर माझ्याशी फार बोलत नाही, पण विरोधही करत नाही.

रविवारी तू आलीस त्या घटकेला मी जन्मभर विसरणार नाही. साडेतीन महिने लाकडासारखी पडलेली पोर तुझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. तू तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सुटली, पाह्य." मला तेवढंच पुरलं. सोमवारी आम्ही घरी आणलं. सल्ल्याविरुद्ध नेत आहोत असं डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं. निघताना म्हणाल्या, "रडणं म्हणजे बरं होणं नसतं. एकटीला सोडू नका." त्यांना तुमची रीत कुठून माहीत असणार!

काल अर्धी भाकर खाल्ली. आज दाराशी येऊन बसली होती. तुझे उपकार कसे फेडू सांग. नको, सांगू नको, तू मागशील पुरणपोळ्या आणि त्या मला जमत नाहीत.

तुझी
दीपा


घाटंजी
१० ऑगस्ट २०२४

प्रिय दीपा,
जय भीम.

तीन आठवडे झाले. पत्र नाही, फोन उचलत नाहीस. पोरगी पळायला लागली आणि तूही तिच्यामागे पळत सुटलीस की काय?

इकडे शाळा बरी चालली आहे. चौथीच्या वर्गात मी एकच कविता दोनदा शिकवली तर पोरांनी सांगितलं सुद्धा नाही, गुपचूप दुसऱ्यांदा म्हटली. इतकी गुणी पोरं आहेत.

भिया मात्र बिघडला आहे. तीन वेळा वैष्णवीचं विचारून गेला. परवा म्हणाला, "डॉक्टर म्हणत होती ते करू द्याचं होतं त्याईले." मी म्हटलं, आता सुचलं का शहाणपण? त्या दिवशी तर बोलला नाहीस. तर उठून बाहेर गेला, जेवलाही नाही. वय झालं की माणसं अशीच करतात, म्हणून सोडून दिलं.

दोन ओळी लिही. नुसतं "बरी आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी
संगीता


कळंब
१ ऑक्टोबर २०२४

संगीता,

तुझी दोन ओळींची मागणी होती. जास्त लिहिते.

घरी आणल्याच्या बाराव्या दिवशी मी अंगणवाडीत पोषण आहार वाटायला गेले. अश्वजित पाणी तापवत होता. तेवढ्या वेळात वैष्णवी घरामागच्या विहिरीत गेली. धुणं धुणाऱ्या बायांनी आरडाओरडा केला, दोघांनी उड्या टाकल्या, जीव वाचला. उजव्या मांडीचं हाड आणि खुबा मोडला. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळई आहे. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडी लंगडेल, पळायचं विसरा. जिला आयुष्यात फक्त पळायचं होतं तिच्याबद्दल हे सांगत होते.

ऑपरेशननंतरही ती तेच म्हणत होती, मले कायले काढलं. मग पुन्हा यवतमाळ, तोच दवाखाना, त्याच डॉक्टरीणबाई. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. कागद समोर ठेवला, मी सही केली. सात वेळा करंट दिला. पहिल्यांदा मी दारातून पाहिलं. तुझ्या आत्याचं डोळ्यासमोर होतं. तर भुलीची सुई दिली, ती झोपली, डाव्या पायाचा अंगठा थोडा हालला, आणि झालं. थोड्या वेळानं उठून पाणी मागितलं. चौथ्यानंतर तिनं वेणी घालून मागितली. सातव्यानंतर अश्वजितशी भांडली, चहात साखर कमी म्हणून. माझी पोर परत आली, संगीता. जुलैमध्येच आली असती, दोन्ही पायांवर.

आता ऐक. करंटच्या खोलीत नेणारी आया आहे, कांताबाई. तिनं गप्पा मारता मारता विचारलं, "घाटंजीच्या त्या मास्तरीणबाई तुमच्याच मैत्रीण ना वो? बऱ्या हायेत ना? त्याईले मीच नेत होती टेबलावर. सहा खेपा."

सहा खेपा.

तू मला लिहून दिलंस. शिक्षिका म्हणून सही करून लिहून दिलंस. स्वतः त्याच इलाजानं उठलीस आणि माझ्या पोरीला तो मिळू दिला नाहीस. कशासाठी? मास्तरीणबाईंना शॉक दिले हे लोकांना कळू नये म्हणून? एवढीच लाज होती तर उत्तर द्यायचं नव्हतं. मी मूर्ख, तुझ्या अक्षराकडे पाहून सही नाकारली.

ते पत्र मी जाळलं नाही. ठेवलं आहे. आता मला लिहू नको.

दीपा


घाटंजी
६ ऑक्टोबर २०२४

दीपा,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते. वाचून फाडून टाक, पण वाच.

मला माहीत नव्हतं. याडीची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण आमच्या घरात आता त्या शपथेला काही किंमत उरली नाही.

तुझं पत्र घेऊन मी भियाच्या घरी गेले. त्याच्या कपाटातली फाइल त्याला न विचारता काढली. त्यात सगळं आहे. सहा तारखा, प्रत्येकीसमोर भुलीचं औषध, वेळ, आणि खाली भियाची सही. एका पानावर असंही लिहिलं आहे की इलाजाबद्दल पेशंटला माहिती दिली, पण ती तिच्या लक्षात राहत नाही, नातेवाइकांनी घरी पुन्हा समजावून सांगावं. त्याखालीही त्याचीच सही. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. मी विसरले, आणि तो माझ्या विसरण्यावर गप्प बसला.

तो ड्युटीवरून आला तेव्हा मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही घरात गोरबोलीत बोलतो. त्या दिवशी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत बोलला, बसमधल्या माणसाशी बोलावं तसा.

म्हणाला, "तू अठरा दिवस जेवली नव्हती. नळी काढून फेकत होती. डॉक्टरीण म्हणे, आता नाही केलं तं हाती नाही लागन. मी आण पाळू का बहीण वाचवू?"

मी म्हटलं, "त्याचं मी काही म्हणत नाही. नंतर काहून नाही सांगतलं?"

"तू शाळेत जाऊन राह्यली होती. हासून राह्यली होती. सांगतलं असतं तं तू माह्यं तोंड नसतं पाह्यलं. अन् तांड्यावर समजलं असतं तं लोक म्हणले असते, मास्तरीण पागल झाल्ती. झाकली मूठ राहू देल्ली."

"अन् दीपाचं पत्र मी तुले वाचून दाखवलं तव्हा? त्या पोरीचा जीव टांगला होता, तव्हा?"

त्यानं खिशावर हात ठेवला. म्हणाला, "तुह्यं पाकीट दिवसभर माह्या खिशात होतं. आत काय हाय मले मालूम होतं. यवतमाळ येईपर्यंत चार खेपा वाटलं, फाडून टाकाव."

"मंग?"

"मंग तुले सांगा लागलं असतं."

दीपा, त्यानं आण मोडली याची मी त्याला माफी दिली आहे. मी जिवंत आहे ती त्या मोडलेल्या आणेमुळे. पण ११ जुलैला त्यानं माझ्या डोळ्यांत पाहून दोनदा "नाही" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं खोटं खिशात घालून स्वतः तुझ्या हातात नेऊन दिलं. हे मी विसरू शकत नाही. एवढं सगळं विसरले, हेच राहिलं आहे. माझ्या अंगावर काय झालं ते त्याला माहीत, डॉक्टरीणबाईंना माहीत, कांताबाईला माहीत. एक मीच बाहेरची. जिला काही ठाऊक नाही तिनंच मोठ्या तोंडानं साक्ष दिली.

फाइलमध्ये पाहिलं तर याडीच्या गळ्यात पडून मी रडले तो दिवस चौथ्या करंटनंतरचा दुसरा दिवस आहे. आणि मी तुला सांगत सुटले की रडण्यानं सुटले. तुझ्या पोरीचं रडणं मी आमच्या तांड्याच्या रीतीनं मोजलं. आता वाटतं ती माझा निरोप घेत होती का गं? हा प्रश्न मला जेवू देत नाही.

भियाशी मी बोलत नाही. शाळेला जाताना त्याची गाडी आली की मागच्या गाडीनं जाते. तू सांगशील ती शिक्षा मला मान्य आहे. फक्त वैष्णवीला भेटू दे. तिला आपण दोघी मिळून सगळं सांगू. मी माझ्या तोंडानं सांगेन.

संगीता


कळंब
२० ऑक्टोबर २०२४

संगीता,

तुझ्यावर विश्वास बसला. खोटं बोलणारी बाई फाइलमधल्या तारखा असं रडत लिहीत नाही. तुला जे बोलले ते परत घेते. जीवनभाऊंना जे बोलायचं ते मनात राहू दे, कागद पुरणार नाही.

पण वैष्णवीला काही सांगायचं नाही.

तिला जून ते सप्टेंबर आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं पायाचं विचारलं, मी म्हटलं विहिरीजवळ पाय घसरला. आजाराचं विचारलं, म्हटलं गोळ्या अन् सलाईन. हो, तेच शब्द. तोंडातून निघाले तेव्हा मलाही समजलं कोणाचे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला खरं सांगा, पुढच्या तारखेला मी सांगते. मी म्हटलं, मी सांगितलं. पुढच्या तारखेला तिला नेलंच नाही, एकटी जाऊन गोळ्या आणल्या.

तू म्हणशील हीच का माझ्यावर चिडणारी दीपा. हीच. तू आई नाहीस म्हणून तुला सोपं आहे. मी तिला करंटचं सांगितलं की ती विचारेल, आधी का नाही दिला? मग मी काय सांगू? डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं आणि मीच नाही म्हटलं? पोरगी काठी घेऊन चालते, संगीता. ती रोज सकाळी उठून त्या पायाकडे पाहते आणि मग माझ्याकडे पाहते. आज त्या नजरेत माया आहे. ती मला सोडवणार नाही.

अश्वजितलाही मी गप्प बसवलं आहे. तू राहिलीस. तू सांगशील तर मी तुझ्यासाठी मेले असं समज. एवढं तरी माझं ऐक. माझं तू एक देणं लागतेसच.

दीपा


कळंब
३ डिसेंबर २०२४

आदरणीय संगीता मावशी,
जय भीम.

तुमचा पत्ता आईच्या डायरीतून घेतला, तिला सांगितलं नाही. राग मानू नका.

मावशी, मला चार महिने आठवत नाहीत. आई म्हणते गोळ्या अन् सलाईननं बरी झाली. बाबाला विचारलं तर तो गाडी पुसायला बाहेर जातो, दिवसातून तीन वेळा गाडी पुसतो. पाय घसरला म्हणतात, पण आमची ती विहीर कठड्याची आहे, छातीएवढा कठडा आहे. मी लहान नाही, मावशी. मला थोडंफार समजते. पण खात्री नाही आणि मनानं रचत बसले की डोकं जड होते.

भरतीचं मी सोडून दिलं, म्हणजे सोडावंच लागलं. आता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. मागच्या आठवड्यात तीन दिवस पुन्हा अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही. चौथ्या दिवशी आपोआप बरं वाटलं, पण त्या तीन दिवसांत लई भीती वाटली. पुन्हा तसंच झालं तर काय करायचं? मी कशानं बरी झाली हे मलाच माहीत नसलं तर पुढच्या वेळी मी डॉक्टरला काय सांगणार?

मी दवाखान्यात तुमच्या गळ्यात पडून रडली म्हणे, आई सांगत होती. मला ते आठवत नाही, पण म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. मला खरं सांगा. काय असेल ते.

तुमची
वैष्णवी


घाटंजी
८ डिसेंबर २०२४

प्रिय वैष्णवी,
जय भीम.

हे पत्र बाबांना जवळ बसवून वाच. त्यांना मी आज फोन केला आहे. ते म्हणाले, "ताई, लिहा. आता माझ्यानं होत नाही." म्हणून तुझं पाकीट त्यांच्या नावानं पाठवते आहे.

आईनं मला हे सांगायची मनाई केली होती. तिनं माझ्याशी आयुष्यभर बोलायचं नाही असं ठरवलं तर ती चुकीची नाही. पण तू जे विचारलं आहेस तेच मी मागच्या वर्षी विचारायला पाहिजे होतं, आणि या जुलैत विचारलं तेव्हा मला खोटं उत्तर मिळालं. ते खोटं किती लांब जातं ते मी पाहिलं आहे. आता तुझ्यापाशी ते माझ्या हातून जाणार नाही.

तू करंटच्या इलाजानं बरी झालीस. सात वेळा, भूल देऊन, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्याआधी गोळ्यांचा गुण येत नव्हता. मीही त्याच इलाजानं बरी झाले, सहा वेळा. आठवण जाते ती थोडी आजारानं, थोडी त्या इलाजानं. जुन्यातलं काही परत येतं, काही येत नाही. मी अजून पोरांना एकच कविता दोनदा शिकवते, पण शिकवते. पुन्हा अंथरूण सुटेना झालं तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नको. डॉक्टरीणबाईंकडे जा आणि हे सगळं त्यांना सांग. त्यांच्याजवळ तुझ्या तारखा लिहिलेल्या आहेत. तुझी फाइल आहे, तू माग.

तुझा पाय घसरला नव्हता. तू आजारी होतीस आणि तुला जगायचं नव्हतं. ते आजाराचं म्हणणं होतं. वेणी घालून मागितली, चहात साखर कमी म्हणून बापाशी भांडलीस, ती तू आहेस.

आणि आता जे लिहायला माझा हात सकाळपासून थांबला आहे ते. हा इलाज तुला जुलैमध्येच देणार होते. विहिरीच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी कागद तयार ठेवला होता आणि तुझे बाबा तयार होते. तुझ्या आईनं मला विचारलं, आणि मी नको म्हणून लिहून दिलं. मला शॉक दिलाच नव्हता असं मला सांगितलं गेलं होतं, मी ते खरं धरलं आणि तिला छातीठोक सांगितलं. पाय गेला तो त्या कागदापायी. तो कागद तुझ्या आईजवळ आहे. तिच्यावर चिडायच्या आधी तो माग आणि वाच. अक्षर माझं आहे, सही माझी आहे.

तुझ्या आईची चूक एवढीच, की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

तुझी
संगीता मावशी